गाव त्यांचे, निसर्ग कोणाचा?



गेल्या माघ महिन्यात घडलेली एक गोष्ट आपल्यापुढे ठेवतो. गोष्ट साधी आहे, पण तिच्यातून निघालेला प्रश्न साधा नाही. तो माझ्या एकट्याचा असता तर मी आपला वेळ घेतला नसता. पण ज्या ज्या घरातून एखादा मुलगा किंवा मुलगी शिकून दूर गेली आहे, त्या प्रत्येक घरात हा प्रश्न आज ना उद्या उंबरठ्याशी येऊन उभा राहणार आहे.

माझा एक वर्गमित्र आहे. आम्ही दोघे तेरणेकाठच्या एकाच गावचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकाच तरटपट्टीवर बसलो. त्याच्या घरात आणि माझ्या घरात आमच्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नव्हते. मी मास्तर झालो. तो माझ्यापेक्षा हुशार. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर तो इंग्लंडला गेला, शिकला, तिथेच थोडी नोकरी केली आणि तीन वर्षांनी परत आला.

आल्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे तो माझ्या दारात उभा. म्हणाला, "चल, डोंगरावर जाऊ." आमचा डोंगर म्हणजे बालाघाटची एक बोडकी धार. लहानपणी शेळ्यांमागे आणि सरपणासाठी आम्ही तिथे हजारदा गेलेलो. त्या दिवशी वर पोचलो तेव्हा ऊन नुकते पसरत होते. पळस फुलला होता. झाडावर पान एक नाही, नुसता विस्तव. बोरीबाभळीतून होले घुमत होते. खाली ज्वारीच्या रानावर भोरड्यांचा थवा एकदम उठायचा, आभाळात वळायचा आणि पुन्हा कणसांवर उतरायचा. ही भोरडी मध्य आशियातून हिवाळ्यात आपल्याकडे येते. अंग गुलाबी, डोके काळे. पळसाच्या फुलांवर जमते म्हणून तिला पळसमैनाही म्हणतात. हजारो कोस ओलांडून येणाऱ्या या पाहुणीला आम्ही लहानपणी गोफणीने हाकलले होते. तिच्याकडे पाहिले मात्र कधीच नव्हते.

मित्र बराच वेळ गप्प उभा होता. मग म्हणाला, "हे सगळं इथंच होतं? मग आपल्याला दिसलं कसं नाही?"

संध्याकाळी जेवताना त्याने हेच आपल्या वडिलांना सांगितले. "आबा, आपला डोंगर किती सुंदर आहे. तिकडे लोक असलं बघायला पैसे खर्चून जातात." आबा सत्तरी ओलांडलेले. त्यांनी भाकरीचा घास खाली ठेवला आणि म्हणाले, "आरं, डोक्यावर मोळी आसली की मान्साला पायाखालचंच दिसतंय. वर कोण बघणार? त्या बाभळीचं सरपण वाहून वाहून तुझ्या आजीच्या टाळूवरचे केस गेले. तुला आता ती बाभळ सुंदर दिसायली." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, तुम्हीच सांगा, कोण खरं?"

मला त्या रात्री उत्तर देता आले नाही. आज प्रयत्न करतो.

प्रश्न असा आहे. ज्या गावाने आपल्या वाडवडिलांना माणूस मानले नाही, त्या गावच्या डोंगरावर, ओढ्यावर, झाडांवर प्रेम करावे काय? ते प्रेम म्हणजे जुना अपमान विसरणे होईल काय? आणि ज्याने कष्ट सोसले त्याला जे दिसले नाही, ते कष्टातून सुटलेल्याला दिसत असेल, तर खरे डोळे कोणाचे?

प्रथम आबांची बाजू पाहू, कारण तिच्यात पिढ्यांचे ओझे आहे.

निसर्ग हा सर्वांचा असतो, असे शाळेच्या पुस्तकात लिहिलेले असते. पण आपल्या पूर्वजांना तो तसा मिळाला नाही. नदी एकच, पण पाणवठे वेगळे. वरच्या अंगाला त्यांचे, खालच्या अंगाला आपले. विहीर गावाची, पण रहाटाला हात लावायचा नाही. तळ्याचे पाणी गुराढोरांनी प्यावे, माणसाने पिऊ नये. म्हणूनच २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले. ते पाणी तहानेचे नव्हते. माणुसकीच्या हक्काचे होते. ज्या देशात पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागतो, तिथे पाण्याचे सौंदर्य पाहायला कोणाला सवड असणार?

दुसरी गोष्ट अशी की, आपल्या पूर्वजांइतका निसर्ग कोणी ओळखला नव्हता. गावाच्या शिवेचा तंटा पडला की साक्ष महाराची. कोणत्या लिंबापासून कोणत्या दगडापर्यंत शीव जाते, हे त्यालाच ठाऊक. कुठे ओल आहे, कोणत्या गवताने गुरे फुगतात, कोणते लाकूड लवकर पेटते, हे सारे त्याला ठाऊक. पण हे ज्ञान वेठीचे होते. सरपण वाहायचे ते दुसऱ्याच्या चुलीसाठी. शीव राखायची ती दुसऱ्याच्या जमिनीची. मेलेले ढोर ओढायचे ते दुसऱ्याच्या गोठ्यातले. ज्या ज्ञानाला अपमान चिकटला, ते ज्ञान टाकून देण्यातच सुटका होती. आपल्या बायाबापड्यांनी ते टाकले. योग्यच केले.

आपल्या जिल्ह्याला तर याची मोठी साक्ष आहे. १९४१ सालच्या फेब्रुवारीत कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेब स्वतः तिथे आले. तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. वतन म्हणजे मान नव्हे, ती गुलामीची दोरी आहे, हे बाबासाहेब वर्षानुवर्षे सांगत होते. तो महिनाही पळस फुलण्याचाच. पण त्या परिषदेला पायी आलेल्या माणसांनी पळसाकडे पाहिले असेल असे मला वाटत नाही. त्यांनी एका माणसाकडे पाहिले, आणि तेच पाहण्याजोगे होते.

पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना सडेतोड उत्तर दिले. खेडे हे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे घर आहे, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. त्यांच्या सांगण्यावरून आपली माणसे शहराकडे गेली, गिरण्यांत गेली, शाळेत गेली. आबा म्हणतात ते यातले आहे. त्यांचा राग डोंगरावर नाही, मोळीवर आहे.

आता मित्राची बाजू पाहू. तीही पोकळ नाही.

बाबासाहेब १९१३ ते १९१७ या काळात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये होते. बडोद्याच्या नोकरीसाठी ते परत आले. त्यांची 'व्हिसाच्या प्रतीक्षेत' ही छोटी आत्मकथनपर पुस्तिका १९९० साली प्रसिद्ध झाली. आपल्या घरात ती नसेल तर जरूर आणा. तिच्यात ते सांगतात की, परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. बडोद्याच्या स्टेशनवर उतरताच ती पुन्हा जागी झाली. कुठे राहायचे हा पहिला प्रश्न. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी आसरा घेतला. तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना घालवून दिले. मित्रांनी दारे लावली. जगातल्या थोर विद्यापीठांतून शिकून आलेल्या त्या तरुणाने मुंबईची गाडी येईपर्यंतचे तास बडोद्याच्या कमाठी बागेत बसून काढले. तिथल्या एका वडाच्या झाडाखाली त्यांनी समाजमुक्तीचा संकल्प केला, असे आपले लोक मानतात. ती जागा आज 'संकल्प भूमी' म्हणून ओळखली जाते.

बंधूंनो, या प्रसंगातला अपमान आपण नेहमी सांगतो. आज दुसरी बाजूही पाहा. परदेशातून परत आलेल्या त्या माणसाला मायदेशात कोणाचा आसरा मिळाला? एकाही छपराचा नाही. बागेचा मिळाला. माणसांनी जात विचारली. झाडाने विचारली नाही. गावाने, शहराने, धर्मशाळेने हाकलले; सावलीने हाकलले नाही.

इथेच मला आबांच्या प्रश्नाची गाठ सुटताना दिसते. गाव आणि निसर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावाची रचना माणसाने केली. वरचा पाणवठा आणि खालचा पाणवठा माणसाने ठरवला. नदीने ठरवला नाही. नदी वरून खाली वाहते ती उताराने वाहते, मनुस्मृतीप्रमाणे नाही. ज्यांनी आपल्याला अस्पृश्य ठरवले, त्यांनी पाणी आणि डोंगर यांवरही आपला शिक्का मारला, आणि जणू ते त्यांचेच आहेत अशी आपली समजूत करून दिली. आपण गाव नाकारले हे बरोबर. पण त्याबरोबर नदी आणि डोंगरही त्यांचेच समजून सोडून दिले, तर शिक्का मारणाऱ्याचा दावा आपणच मान्य केला असे होते. चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी हाच दावा मोडला. पाणी तुमचे नाही, सर्वांचे आहे. मग डोंगर, पळस आणि भोरडी यांना वेगळा न्याय का?

आता मित्राच्या प्रश्नाकडे येऊ. "आपल्याला दिसलं कसं नाही?"

त्याला ते परदेशामुळे दिसले असे तो समजतो. लंडनमध्ये तो १०, किंग हेन्रीज रोड या घरी गेला होता. बाबासाहेब विद्यार्थी असताना तिथे राहिले होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतले. जवळच प्रिमरोज हिल नावाची टेकडी आहे. तिथल्या हिरवळीवर तो तासभर बसला. कोणी त्याला आडनाव विचारले नाही. आयुष्यात प्रथमच आपण निर्धास्तपणे झाडाकडे पाहिले, असे तो सांगतो.

पण परदेश म्हणजे जातीपासून सुटका, असेही समजू नका. कुठेही जा, पळसाला पाने तीनच, अशी आपल्याकडे म्हण आहे. आपले लोक परदेशात गेले तशी जातही त्यांच्या पेटीतून गेली. म्हणून तर अमेरिकेतील सिॲटल शहराला २१ फेब्रुवारी २०२३ रोजी जातीवरून भेदभाव करण्यास बंदी करणारा कायदा करावा लागला. तेव्हा डोळे उघडण्याचे काम विमानाच्या तिकिटाने केले नाही. ते निर्भयतेने केले. भयाखाली असलेला माणूस वर पाहत नाही. कोण येत आहे, कोण पाहत आहे, एवढेच तो पाहतो. भय गेले की झाड दिसते.

आणि भय घालवण्याचा मार्ग आपल्याला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात मिळालेला आहे. आपल्यापैकी काही कुटुंबांनी अलीकडेच दीक्षा घेतली. त्यांना मी सांगेन, दीक्षा हाही एक परदेशच आहे. आपण जुन्या धर्माची शीव ओलांडून गेलो आहोत. आता परत येऊन आपल्याच अंगणाकडे नव्या डोळ्यांनी पाहायचे आहे.

तथागतांच्या चरित्रातही हेच घडले. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाने घर का सोडले ते आपण वाचले आहे. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण पेटले. शाक्यांच्या संघाने युद्धाचा ठराव केला. सिद्धार्थाने विरोध केला, आणि त्याची किंमत म्हणून परिव्रज्या घेऊन देशत्याग पत्करला. म्हणजे पाणी सर्वांचे आहे हे न समजणाऱ्या माणसांमुळे त्यांना मायभूमी सोडावी लागली.

पुढे ते बुद्ध झाले. तेव्हा शुद्धोदनाने बालमित्र काळुदायी याला त्यांच्याकडे पाठवले. थेरगाथेत काळुदायीच्या गाथा आहेत. कपिलवस्तूला चला, असे विनवताना त्याने राजवाड्याचे वर्णन केले नाही. त्याने झाडांचे वर्णन केले. झाडे जुनी पाने टाकून निखाऱ्यासारखी लाल झाली आहेत, फळ धरण्याच्या तयारीत आहेत, ऊन फार नाही, थंडी फार नाही, प्रवासाला हाच काळ योग्य आहे, असा त्याच्या बोलण्याचा भाव आहे. आणि रोहिणी ओलांडताना तुम्हाला शाक्य आणि कोलीय दोघेही पाहोत, असे तो म्हणतो. ज्या नदीमुळे जावे लागले, तीच नदी ओलांडून भगवान परत गेले. पण कसे गेले? हातात भिक्षापात्र घेऊन. शाक्यांचा जुना राजपुत्र म्हणून नव्हे. ते नदीकडे परतले, नदीवरच्या भांडणाकडे परतले नाहीत.

कोणी विचारील, निसर्गाची आवड ही तृष्णाच नव्हे काय? शंका रास्त आहे. तिचे उत्तरही तथागतांच्या आचरणात आहे. अखेरच्या प्रवासात वैशाली सोडण्यापूर्वी त्यांनी आनंदाला सांगितले की वैशाली रमणीय आहे, तिथली चैत्यस्थाने रमणीय आहेत. मग मागे वळून एकदा पाहिले आणि पुढे चालू लागले. रमणीय म्हणणे ही तृष्णा नव्हे. रमणीय म्हटल्यावर ते माझेच, दुसऱ्याने शिवू नये, असे म्हणणे ही तृष्णा. अस्पृश्यता म्हणजे पाण्याविषयीची तृष्णाच होती.

आणखी एक थेर आठवा. सुनीत. नीच मानलेल्या कुळात जन्मला. वाळलेली फुले झाडून टाकणे हे त्याचे काम. फुले त्याच्या वाट्याला यायची ती निर्माल्य होऊन. भगवंतांनी त्याला संघात घेतले आणि तोच सुनीत पुढे अरण्यात एकटा, निर्धास्त राहू लागला. फुलांचा केर काढणाऱ्याला धम्माने सगळे अरण्य मोकळे केले. आबांची मोळी आणि मित्राचा पळस यांच्यामधला रस्ता सुनीताने दाखवला आहे.

मग आपण करावे काय? माझ्या अल्पमतीला सुचते ते सांगतो.

पहिले, झाडाची पूजा नको, कृतज्ञता हवी. नव्याने दीक्षा घेतलेल्या माताभगिनी विचारतात, वडाला दोरा गुंडाळणे सोडले, मग पिंपळाला बोधिवृक्ष म्हणून वंदन का? फरक आहे. दोरा नवसाचा, काही मागण्यासाठी. बोधिवृक्षाचा आदर उपकार स्मरण्यासाठी. ज्या झाडाने सावली दिली त्याच्याकडे भगवान कृतज्ञतेने पाहत राहिले, असे परंपरा सांगते. त्यांनी झाडाकडे काही मागितले नाही.

दुसरे, जीवांची जपणूक हा विनयाचाच भाग आहे. भिक्षूंनी वनस्पती तोडू नयेत असा नियम आहे. पावसाळ्यात हिरवे गवत आणि बारीक जीव पायाखाली तुडवले जातात अशी लोकांनी तक्रार केली, तेव्हा भगवंतांनी वर्षावास घालून दिला. पण याचा अर्थ गरीब बाईच्या डोक्यावरच्या काटक्या मोजत बसणे नव्हे. १९७२ च्या दुष्काळात याच डोंगरांवर आपल्या आयाबहिणींनी खडी फोडली. ज्यांनी सर्वांत कमी घेतले त्यांना सर्वांत जास्त उपदेश करणे, हा अन्याय आहे. तहानलेल्या जिल्ह्यात पाणी कोण उपसतो आणि कोणत्या पिकासाठी उपसतो, हा प्रश्न आधी विचारा.

तिसरे, आजी-आजोबांचे ज्ञान लाजेतून सोडवा. वेठ गेली, ज्ञानाला आता अपमान चिकटलेला नाही. गवतांची, पाखरांची, झाडपाल्याची नावे त्यांच्याबरोबर संपण्याआधी वहीत उतरवून घ्या. तेर येथे सातवाहन काळात तगर नावाचे मोठे नगर होते. तिथले कापड भडोचच्या बंदरातून परदेशी जात असे, आणि उत्खननात तिथे स्तूपाचे अवशेष निघाले आहेत. या मातीत बुद्ध परका नाही, आणि आपणही नाही.

चौथे, शिकून परत येणाऱ्यांना सांगणे आहे. डोंगर जरूर पाहा, पण आधी आबांचे ऐका. ज्याला मोळी ठाऊक नाही त्याचे पळसावरचे प्रेम सहलीचे आहे. आणि कोणी म्हणाले, झाले गेले विसरा, आपले गाव किती छान, तर नम्रपणे सांगा की झाडाशी आमचे भांडण कधीच नव्हते. हिशेब पाणवठ्याचा आहे, आणि तो समतेनेच फिटेल.

त्या रात्री उत्तर देता आले नाही असे मी वर लिहिले आहे. दुसऱ्या दिवशी मात्र मी दोघांनाही घेऊन डोंगर चढलो. आबा काठी टेकत आले. अर्ध्या वाटेवर एका पुरलेल्या दगडापाशी थांबले. म्हणाले, "ही शीव. माझ्या आज्यानं इथं उभं राहून साक्ष दिली होती. दोन्ही गावं त्याच्या शब्दावर थांबली, पण पाणी त्याला लांबूनच वाढलं." मग ते खाली बसले आणि हाताशी आलेल्या एकेका गवताचे नाव सांगू लागले. कुसळी, पवना, शेडा, मारवेल. मित्र खिशातल्या कागदावर लिहून घेत होता. परदेशात शिकलेल्याला त्यातले एकही ठाऊक नव्हते, आणि मास्तर असून मलाही नव्हते.

उतरताना आबांच्या डोक्यावर काही नव्हते. पळसाखालून जाताना ते थांबले आणि वर पाहिले. बोलले काही नाही.

येत्या आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होईल. त्या दिवशी वंदना झाल्यावर घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला सोबत घ्या आणि गावाच्या शिवेपर्यंत चालत जा. त्यांना झाडांची नावे विचारा. एक रोप लावा आणि पुढचा उन्हाळा ते जगवा. सावली द्यायला लागेल तेव्हा त्याच्याखाली कोणालाही बसू द्या, जात न विचारता.

जय भीम! नमो बुद्धाय!